अडगळ कोणती आणि ठेवा कोणता?

तृतीय वर्ष कला (इतिहास)

घर लहान आणि पसारा मोठा झाला की कर्त्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो माळा रिकामा करण्याचा. काय टाकावे आणि काय ठेवावे याचा निवाडा मग घाईघाईने होतो. रद्दीवाला दारात उभा असतो, आणि त्याच्या तराजूत जुन्या वर्तमानपत्रांबरोबर आजोबांची रोजनिशीही जाते. भाव वजनावर ठरला की वस्तूचे मोल पाहण्याची गरजच उरत नाही. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील पसाऱ्याच्या बाबतीत आज नेमके हेच होऊ लागले आहे. म्हणून हा विषय केवळ संगणक-कक्षातील तंत्रज्ञांवर न सोडता आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही त्याचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

साधारण २००० सालापासून पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्यासारख्या महाविद्यालयांतून जे जे ध्वनिमुद्रित वा चित्रित झाले, ते बहुतांशी सीडी आणि डीव्हीडी या तबकड्यांवर साठवले गेले. स्नेहसंमेलनातील एकांकिका, पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने, मराठी विभागाने खेडोपाडी हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, इतिहास विभागाने घेतलेल्या वृद्धांच्या मुलाखती, असा हा ऐवज आहे. पुढे काळ बदलला. नव्या लॅपटॉपमधून तबकडी वाचण्याचा कप्पाच नाहीसा झाला. शिवाय घरगुती यंत्रावर लिहिलेल्या तबकडीत माहिती धरून ठेवणारा जो रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी बिघडतो. आपल्याकडचा पावसाळा ध्यानात घेता ही भीती पोकळ नाही. म्हणून शहाण्या माणसांनी वेळीच या तबकड्यांच्या 'डिस्क इमेज' करून हार्ड डिस्कवर ठेवल्या. हे काम ज्यांनी केले त्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत.

डिस्क इमेज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तबकडीतील फाइली एकेक करून उतरवून घेणे वेगळे, आणि अख्ख्या तबकडीची पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत हुबेहूब नक्कल एकाच फाइलीत करणे वेगळे. पहिला प्रकार पुस्तकातील उतारे वहीत लिहून घेण्यासारखा. दुसरा प्रकार मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पानाचे, समासातील टिपांसकट छायाचित्र घेण्यासारखा. 'आयएसओ' या नावाने शेवट होणाऱ्या ज्या फाइली आपण पाहतो त्या याच जातीच्या. ज्या मानकावरून हे नाव पडले ते आयएसओ ९६६० हे मानक १९८८ सालचे आहे.

आता अडचण अशी की, ही नक्कल मूळ तबकडीइतकीच मोठी असते. एक सीडी म्हणजे सुमारे ६५० ते ७०० मेगाबाइट. एका थराची डीव्हीडी म्हणजे ४.७ गिगाबाइट, दोन थरांची म्हणजे ८.५ गिगाबाइट. अशा दोनशे भरलेल्या डीव्हीडी जमल्या की ९४० गिगाबाइट होतात, आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क काठोकाठ भरते. मग कोणीतरी व्यवहारी सल्ला देतो, 'गाण्यांचे एमपी३ करा, चित्रफितींच्या लहान फाइली करा आणि त्या अवजड इमेज पुसून टाका. कोण पाहणार आहे त्या?' ही सूचना कुणा एकाची नव्हे. ती सर्वत्र ऐकू येते, आणि वरवर पाहता तिच्यात चूकही काही दिसत नाही. माझा विरोध आहे तो या सूचनेला. जागा वाचवायला माझा मुळीच विरोध नाही. जागा जरूर वाचवावी. पण जे पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते तेच कमी करावे, जे एकदा गेले की परत येत नाही त्याला हात लावू नये. माझे सारे म्हणणे एवढेच आहे.

संक्षेप आणि काटछाट

वस्तू लहान करण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एक संक्षेप, दुसरी काटछाट. आपल्या वाडवडिलांच्या पत्रांत मायन्याखाली 'सा.न.वि.वि.' असे लिहिलेले असे. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे एवढे लांबलचक शब्द चार अक्षरांत बसवले. यात गमावले काय? काहीच नाही. संकेत ठाऊक असणारा कोणीही त्या चार अक्षरांचे पुन्हा पूर्ण वाक्य करू शकतो. पाणिनीने तर या कलेची परिसीमाच गाठली. चौदा शिवसूत्रांची मांडणी अशी की 'अच्' म्हटले की सारे स्वर आले आणि 'हल्' म्हटले की सारी व्यंजने आली. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांच्या घरी सण साजरा होई, अशी त्यांची ख्याती आहे ती उगाच नव्हे. हा झाला संक्षेप. याउलट त्याच पत्रातील 'मधला मजकूर महत्त्वाचा नाही' असे ठरवून चार ओळी गाळून टाकल्या, तर ती काटछाट. गाळलेल्या ओळी पुढे कितीही हुशार वाचक मिळाला तरी परत येणार नाहीत.

संगणकातही हेच दोन प्रकार आहेत. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली दाखवून दिले की आपल्या भाषेत पुनरुक्ती पुष्कळ असते. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरात ती निम्म्याच्या आसपास असते, असा त्याचा अंदाज होता. ही पुनरुक्ती काढून घेतली तरी अर्थाला धक्का लागत नाही, कारण ती पुन्हा भरून काढता येते. १९५२ साली डेव्हिड हफमनने, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची उत्तम रीत प्रसिद्ध केली. ही रीत त्याला विद्यार्थिदशेत, परीक्षेऐवजी लिहावयाच्या प्रबंधिकेसाठी सुचली होती, हे आपण विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे! पुढे १९७७ साली झिव आणि लेम्पेल या दोघांनी, आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता 'मागे अमुक ठिकाणी पाहा' एवढीच खूण ठेवण्याची युक्ती मांडली. आज आपण ज्याला 'झिप करणे' म्हणतो ते या दोन युक्त्यांच्या संगमातून आले आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना यातील एक गंमत सांगण्याजोगी आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'स्त्री' हा शब्द सहा चिन्हांचा, म्हणून अठरा बाइटांचा! पण या तीन बाइटांपैकी पहिला सर्व देवनागरी चिन्हांना एकच असतो, आणि दुसरा दोहोंपैकी एक. अशी ठरलेली पुनरुक्ती असल्यामुळे मराठी मजकूर झिप केला की चांगलाच आक्रसतो, आणि उघडला की कानामात्रेचाही फरक पडत नाही. ज्या तबकड्यांवर मजकूर, शब्दसूची, तक्ते असा ऐवज आहे त्यांच्या इमेज म्हणूनच निःशंकपणे संक्षेपाने ठेवाव्यात.

एमपी३ ची गोष्ट वेगळी. तेथे कानाला जे फारसे जाणवणार नाही असे मानले जाते ते काढून टाकलेले असते. करमणुकीसाठी ऐकताना याने काही बिघडत नाही. मीही तशीच गाणी ऐकतो. परंतु अभ्यासाचा कान निराळा. 'जग' हा शब्द विश्व या अर्थाने उच्चारताना 'ज' तालव्य असतो, आणि 'जग म्हणजे झाले' असा आशीर्वाद देताना तोच 'ज' दंततालव्य होतो. हा भेद ज्या घर्षणध्वनीत आहे तो वरच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात असतो. आणि फार कमी दराने बनवलेल्या एमपी३ मध्ये कात्री प्रथम चालते ती याच पट्ट्यावर. खेड्यातील म्हाताऱ्या बाईची ओवी आपण जतन केली ती केवळ चाल ऐकावी म्हणून नव्हे. तिची बोलीही जपावी म्हणून. उद्या भाषाविज्ञानाचा एखादा विद्यार्थी त्या बोलीतील उच्चार तपासू लागला, तर त्याच्या हाती आपण चोथा ठेवणार काय?

आधी काय काढावे?

'मग जागा वाचवायची कशी?' हा प्रश्न रास्त आहे. टीका करणाऱ्याने मार्गही दाखवला पाहिजे. माझ्या मते त्याचा एक क्रम आहे, आणि तो पाळला तर पुसण्याची पाळी बहुधा येतच नाही.

प्रथम जुळ्या फाइली शोधाव्यात. एकच इमेज एकदा विभागाच्या संगणकावरून, एकदा कुणाच्या पेन ड्राइव्हवरून, एकदा 'जुने', 'जुने २', 'अंतिम' अशा नावांच्या फोल्डरांतून आलेली असते. ती ओळखण्यासाठी नावावर किंवा आकारावर विसंबू नये. संगणक प्रत्येक फाइलीचा एक 'चेकसम' काढून देऊ शकतो. एसएचए-२५६ या पद्धतीने फाइल एका ओळीची असो वा अख्ख्या डीव्हीडीची, तिची खूण ६४ अक्षर-अंकांचीच येते. पण फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी खूण पार बदलते. दोन फाइलींच्या खुणा तंतोतंत जुळल्या तर एक निर्धास्तपणे काढावी. जुळल्या नाहीत तर वरची चिठ्ठी एकच असली तरी दोन्ही ठेवाव्यात.

या शेवटच्या वाक्यावर माझा भर का, ते एका उदाहरणाने सांगतो. महात्मा गांधींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांत प्रसिद्ध झाले आहे. पुढे त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि सीडीही निघाली. नाव तेच, लेखक तोच, शंभर खंडही तेवढेच. परंतु अभ्यासकांनी ताडून पाहिले तेव्हा जुन्या आवृत्तीतील कित्येक नोंदी नव्या आवृत्तीत नसल्याचे आढळले. त्यावर वाद झाला आणि २००५ साली सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. 'नवी आली, आता जुनी कशाला?' असे म्हणून ज्या ग्रंथालयांनी जुने खंड मोडीत काढले असतील, त्यांचे काय झाले असेल? आणि उलट बाजूही आहे. वादाचा इतिहास ज्याला लिहायचा त्याला ती सदोष सीडीदेखील जशीच्या तशी हवी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चुकीची प्रत हाही पुरावाच असतो.

दोन इमेज जवळजवळ सारख्या आहेत, पण पूर्णपणे नाहीत, अशा वेळी काय करावे? याचे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने संगणक येण्यापूर्वीच देऊन ठेवले आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुखठणकर हे त्या कार्याचे प्रमुख शिल्पकार. देशभरातून आलेल्या शेकडो हस्तलिखितांत बहुतेक मजकूर समान, पण पाठभेद असंख्य. संपादकांनी समान मजकूर एकदाच छापला, आणि कोणत्या पोथीत कोठे काय वेगळे आहे ते तळटीपांत नोंदवले. शेकडो पोथ्या शेकडो वेळा छापल्या नाहीत. पण म्हणून एखादी पोथी 'निरुपयोगी' म्हणून तिचा वेगळेपणाही गाळला नाही. आजचे साठवणुकीचे तंत्र ज्याला 'डीडुप्लिकेशन' म्हणते, समान तुकडे एकदाच ठेवणे आणि फरक तेवढे वेगळे नोंदणे, ते तत्त्व याहून निराळे नाही. एकाच प्रयोगाच्या, एकाच सूचीच्या सुधारत गेलेल्या तबकड्यांच्या इमेज ज्या साठवण-पद्धतीत समान तुकडे एकदाच ठेवले जातात तेथे ठेवल्या, तर जागा वाचते आणि पाठभेदही जगतात.

दुसरी पायरी, बाहेर सहज मिळणाऱ्या इमेज. संगणक-कक्षात लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या किंवा अन्य प्रणालींच्या स्थापनेसाठी उतरवून घेतलेल्या आयएसओ फाइली पडून असतात. ज्या प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेकडून पुन्हा विनामूल्य घेता येतात, त्या आपण का सांभाळाव्यात? नाव, आवृत्ती आणि चेकसम वहीत टिपून ठेवावा आणि फाइल काढून टाकावी. नवल असे की, पुसण्याची वेळ आली की आपण नेमक्या या ठेवतो आणि स्वतःच्या संमेलनाची एकमेव प्रत पुसायला निघतो! जे बाजारात मिळते ते कपाटात, आणि जे जगात दुसरीकडे कोठेही नाही ते रद्दीत, असा हा न्याय आहे.

तिसरी पायरी थोडी तांत्रिक, पण समजून घेण्याजोगी. सीडीचा प्रत्येक खण २,३५२ बाइटांचा असतो. साध्या माहितीच्या सीडीत त्यातील २,०४८ बाइट खऱ्या माहितीचे. उरलेले ३०४ खणाची ओळख पटवण्यासाठी आणि ओरखडा पडला तर चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेले. ही दुरुस्तीची चिन्हे माहितीवरूनच गणिताने काढलेली असतात, म्हणजे ती पुन्हा काढता येतात. 'बिन' प्रकारची इमेज सारे २,३५२ बाइट घेते, 'आयएसओ' केवळ २,०४८. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या पूर्ण भरलेल्या सीडीत असे ३,३३,००० खण असतात. त्यांची बिन फाइल ७८,३२,१६,००० बाइटांची, तर आयएसओ ६८,१९,८४,००० बाइटांची होते. सुमारे १३ टक्के जागा वाचली, आणि माहितीचे एक अक्षरही गेले नाही.

मात्र येथे आंधळेपणाने पुढे जाऊ नये. व्हिडिओ सीडी, म्हणजे आपल्याकडे लग्नकार्यांपासून नाटकांपर्यंत घरोघर पोचलेली व्हीसीडी, वेगळ्या रचनेची असते. तिच्या चित्राच्या खणात दुरुस्तीच्या चिन्हांना जागा न ठेवता २,३२४ बाइट माहितीलाच दिलेले असतात. तिची २,०४८ ची आयएसओ केली तर प्रत्येक खणातील शेपूट कापले जाते आणि चित्र बिघडते. तीच गोष्ट गाण्यांच्या सीडीची; तिथे सबंध २,३५२ बाइट आवाजाचेच असतात. अशा तबकड्यांची बिन इमेजच ठेवावी आणि ती संक्षेपाने लहान करावी. केवळ ध्वनीसाठी 'फ्लॅक' ही २००१ साली आलेली मुक्त पद्धत आहे. ती आवाजातील एकही नमुना न गमावता, ध्वनिमुद्रणाच्या स्वरूपानुसार, साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश आकारात फाइल आणून ठेवते. ओव्यांच्या सीडी त्यात ठेवाव्यात. ऐकायला म्हणून एमपी३ वेगळी करावी. ती मुळाच्या जागी येऊ देऊ नये, एवढेच.

चौथी गोष्ट कबूल केलीच पाहिजे. डीव्हीडीवरील चित्रपट वा नाटक हे आधीच एमपीईजी-२ पद्धतीने आवळलेले असते. पिळून झालेल्या उसातून पुन्हा रस निघत नाही. अशी इमेज झिप करण्यात तासभर घालवला तरी हाती जेमतेम काही लागते. येथे जागा वाचवण्याचा प्रामाणिक मार्ग नाही, आणि तसा आव आणू नये. येथे एकच उपाय, तो म्हणजे दुसरी हार्ड डिस्क घेणे. संमेलनाच्या मंडपावर, हारतुऱ्यांवर जो खर्च होतो त्याच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहावी, आणि मग ठरवावे.

जाता जाता दोन गैरसमज दूर करतो. टेराबाइटची डिस्क जोडल्यावर संगणक ९३१ गिगाबाइटच दाखवतो, म्हणून दुकानदाराला बोल लावू नये. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या; त्याच हिशेबाने ४.७ ची डीव्हीडीही ४.३८ ची दिसते. दुसरे असे की, पेन ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही डीव्हीडीची इमेज त्यावर जात नाही, ते जागा संपली म्हणून नव्हे. जुन्या एफएटी३२ पद्धतीत एक फाइल चार गिगाबाइटांच्या आत असावी लागते, म्हणून. केवळ या दोन गैरसमजांपायी 'जागा नाही' अशी ओरड होऊन फाइली पुसल्या जाव्यात, हे बरे नव्हे.

संकेत विसरला की संक्षेपही कोडे होतो

संक्षेपाचा मी पुरस्कार करतो खरा, पण त्याचीही एक जबाबदारी आहे. 'सा.न.वि.वि.' चा पूर्ण अर्थ आज आपल्या वर्गात किती जणांना सांगता येईल? संकेत विसरला की संक्षेपाचे कोडे होते. म्हणून फाइल लहान करताना अशी पद्धत निवडावी की जिची रचना सर्वांसाठी प्रसिद्ध आहे. एखाद्याच कंपनीच्या कुलपात ती अडकू नये. झिप, फ्लॅक यांसारख्या पद्धती या कसोटीला उतरतात. जुन्या खेळयंत्रांचे जतन करणाऱ्या 'मेम' या प्रकल्पातून आलेली 'सीएचडी' ही पद्धत इमेजचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा आवळते. त्यामुळे ती ओळखणाऱ्या प्रणालीला सबंध फाइल न सोडवताही हवा तो भाग वाचता येतो. कोणतीही पद्धत घ्या, नियम एक. आवळलेली फाइल आधी पुन्हा सोडवून पाहावी, चेकसम मूळ इमेजशी जुळवावा, आणि जुळल्यावरच मूळ इमेज काढावी. कोणत्या तबकडीची, कोणी, कधी, कोणत्या पद्धतीने इमेज केली, याची एक साधी मजकूर-फाइल शेजारी ठेवावी.

संकेत विसरल्याचे मोठे उदाहरण इंग्लंडचे आहे. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या दप्तराला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली देशाचे नवे चित्र लेसरडिस्कवर उतरवले. शाळकरी मुलांनीही त्यासाठी माहिती जमवली. पुढे वीस वर्षेही लोटली नाहीत तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील संशोधकांना जुन्या यंत्राचे सोंग आजच्या संगणकावर उभे करून तो ठेवा वाचवावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र अजून वाचता येते! पण हा प्रयत्न शक्य झाला तो मूळ तबकडीवरील ऐवज शिल्लक होता म्हणून. 'महत्त्वाचा भाग' तेवढा काढून घेऊन बाकी फेकले असते, तर तेथे यंत्राचे सोंग आणूनही काय उपयोग?

आणखी एक सावधगिरी. एकच मोठी आवळलेली फाइल थोडी जरी बिघडली तरी तिचे नुकसान साध्या फाइलीपेक्षा जास्त होऊ शकते. पुनरुक्ती काढून टाकली की दुरुस्तीचा आधारही जातो. म्हणून एका इमारतीत एक प्रत आणि दुसऱ्या इमारतीत दुसरी, असे असावे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जो हल्ला झाला, त्यात काय काय नासले हे आठवले की, एकाच छपराखाली सारे ठेवण्याचा धोका वेगळा सांगावा लागत नाही. संक्षेपाने जी जागा वाचली, ती या दुसऱ्या प्रतीसाठी वापरावी. जागा वाचवण्याचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

सारेच जपायचे काय?

यावर प्राध्यापकवर्गातून एक आक्षेप येईल, आणि तो मी मानतो. प्रत्येक संमेलनाचा प्रत्येक क्षण अनंत काळ जपणे शक्य नाही, इष्टही नाही. निवड करावीच लागते. इतिहासलेखन म्हणजे तरी दुसरे काय? पण निवड करणे आणि पुसणे यांत भेद आहे. निवड विषयाचा जाणकार करतो, कारण लिहून ठेवतो, आणि काय वगळले त्याची यादी मागे राहते. पुसणारा मात्र फाइली आकाराप्रमाणे लावतो आणि वरून सुरुवात करतो. सर्वांत मोठी फाइल ती सर्वांत निरुपयोगी, असा हा तर्क रद्दीवाल्याच्या तराजूचा आहे, ग्रंथपालाचा नव्हे. मराठी विभागाने ओव्यांचे, इतिहास विभागाने मुलाखतींचे, नाट्यमंडळाने एकांकिकांचे ठरवावे. 'हे नको' असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी आपल्या सहीने म्हणावे. सही करण्याची वेळ आली की माणूस फाइल एकदा तरी उघडून पाहतो!

बाजारात विकत मिळालेल्या चित्रपटांच्या वा गाण्यांच्या तबकड्यांचा प्रश्न मी येथे मुद्दाम घेतलेला नाही. त्यांच्या नकला किती आणि कशा कराव्यात हे कायद्याने ठरायचे. मी बोलतो आहे ते आपण स्वतः निर्माण केलेल्या, आणि म्हणून आपल्याखेरीज दुसरे कोणीही सांभाळणार नाही अशा ऐवजाविषयी.

प्रत्यक्षात करावयाचे काम फार नाही. ग्रंथालय समितीने एक पानाचा नियम करावा. जुळ्या फाइली काढा, बाहेर मिळणाऱ्या काढा, बाकीच्या न गमावणाऱ्या पद्धतीने आवळा, पडताळा, नोंद करा, दोन ठिकाणी ठेवा. आणि विभागाच्या सहीशिवाय मूळ इमेज पुसू नका. दिवाळीच्या सुटीत आठ-दहा विद्यार्थी बसले तर काही दिवसांत बरेच काम उरकेल. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. तसे हेही एक श्रमदान समजावे. ज्या बाईने आपल्या मुलींना ओवी सांगितली आणि मग आपल्या विभागाच्या ध्वनिमुद्रकासमोरही ती गायली, तिने ती आपल्या हाती विश्वासाने ठेवली. ती बाई आज हयात असेलच असे नाही. तिचा आवाज चारशे मेगाबाइट जागा अडवतो ही तक्रार तिच्यापुढे उभे राहून आपल्याला करता येईल काय, एवढा विचार प्रत्येकाने 'डिलीट' चे बटण दाबण्यापूर्वी करावा, ही नम्र विनंती.